खिशातल्या चाकूची धार दोन दिवसांत का जाते?

जानेवारीत खानदेशात, चोपड्याजवळच्या एका मळ्यात भरताचा बेत होता. पऱ्हाट्यांवर वांगी भाजून झाली होती, बडगीत मिरच्या-लसूण कुटणं चाललं होतं आणि माझ्याकडे कांदापात अन् टमाटे चिरायचं काम आलं. खिशातला चाकू काढला, टमाट्यावर टेकवून ओढला. पातं सालीवरून घसरलं. दुसऱ्यांदा जोर दिला तेव्हा टमाटा चेपला, रस मनगटापर्यंत आला आणि सालीवर फक्त एक ओरखडा. शेजारी बसलेला भाऊ म्हणाला, "भो, या चाकूले धारच नही शे." धार चारच दिवसांपूर्वी लावली होती, आणि त्या महिन्यातली ती तिसरी वेळ होती.

तेव्हापासून या एका गोष्टीच्या मागे मी बराच वेळ घालवला. केळीच्या बागेत, ठिबकच्या कामात, गाडीच्या डिक्कीत, स्वयंपाकघरात चाकू वापरणाऱ्या ज्या ज्या माणसाशी बोललो, त्याची तक्रार हीच: "लावली की छान लागते, दोन दिवसांत पुन्हा बोथट." आणि लगेच पुढचा प्रश्न, "चांगला दगड कोणता?" दगडाचं नंतर बघू. आधी धार नेमकी कधी आणि पात्याच्या कोणत्या भागातून जाते ते पाहा. बहुतेक वेळा तिथेच उत्तर सापडतं.

धार पहिल्या अर्ध्या तासात गेली तर

तसं असेल तर ती धार नव्हतीच. ती बर होती.

दगडावर पातं एका बाजूने घासत गेलं की टोकाशी पोलाद इतकं पातळ होतं की ते दगडापासून दूर, पलीकडच्या बाजूला वळतं. धारेच्या पूर्ण लांबीवर तारेसारखी एक बारीक किनार उभी राहते. वर्कशॉपमधले कारागीर तिला बर म्हणतात. बोटाला ती खरखरीत लागते, कागदही कापते, म्हणून आपण समाधानाने चाकू मिटून खिशात टाकतो. मग सुतळीच्या चार गाठी कापल्या की ही किनार आडवी पडते किंवा तुटून जाते, आणि खालचं बोथट टोक उघडं पडतं. माझ्या टमाट्याचं हेच झालं होतं.

बर ओळखायला भिंग लागत नाही. अंगठ्याची कातडी पात्याच्या पाठीकडून धारेकडे आणि तशीच धारेच्या बाहेर हलकेच सरकवा. धारेच्या लांबीवरून बोट कधीच फिरवू नका. एका बाजूला काही अडकत नाही आणि दुसऱ्या बाजूला बारीक आडकाठी लागते, म्हणजे बर आहे. याहून सोपी खूण म्हणजे कापूस, आणि तो शोधायला आपल्याला लांब जावं लागत नाही. कापसाचा हलका पुंजका धारेच्या दोन्ही अंगांवरून बाहेरच्या दिशेने ओढा. बर असेल तिथे तंतू अडकून राहतात. धार स्वच्छ असेल तर कापूस काही न सोडता निघून येतो.

उपाय नवा दगड घेण्याचा नाही. लावलेल्या धारेवरची बर उतरवायची, आणि तेच काम आपण सगळे टाळतो. ते कसं करायचं ते पुढे धार लावण्याच्या भागात सांगतो.

धार ठरावीक जागी गेली तर

पातं उलटं धरा, धार वर, आणि उन्हात किंवा टॉर्चच्या उजेडात तिच्याकडे सरळ पाहा. चांगली धार दिसतच नाही, कारण उजेड परतवायला तिथे सपाट जागाच उरलेली नसते. जिथे पांढरे ठिपके किंवा रेघ चमकते तिथे धार गेलेली आहे.

मुठीजवळ चमकतं आणि पुढे नाही, तर दगडावर पात्याचा तो भाग पोहोचतच नाही. टोकाशी चमकतं, तर टोकाच्या गोलाईवर येताना तुमचा हात वर उचलला जात नाही. मधे एकच ठिपका असेल तर काहीतरी कठीण कापलं गेलंय.

या कठीण गोष्टीबद्दल जरा थांबून सांगतो, कारण आपल्या भागातला मोठा दोषी तोच आहे. ठिबकची १६ मिलिमीटरची नळी कापणं हे चाकूचं अगदी हलकं काम. प्लास्टिक पोलादाचं काही बिघडवत नाही. पण ती नळी वर्षभर जमिनीवर पडलेली असते आणि तिच्यावर माती-रेतीचा थर चिकटलेला असतो. रेतीतला गारगोटीचा कण पोलादापेक्षा कठीण असतो. नळीतून चाकू ओढला की प्रत्येक कण धारेवर एक खाच पाडून जातो. नळी कापण्याआधी ओल्या फडक्याने किंवा पँटच्या कडेने तेवढी चार बोटं जागा पुसून घ्या. मी एवढं एक करायला लागल्यापासून दगड आठवड्याऐवजी महिन्याने काढतो. केळीच्या खोडाशी जमिनीलगत काही कापायचं असेल तर ते विळ्याचं काम आहे, खिशातल्या चाकूचं नाही.

घरात हेच काम चिनी मातीची ताटली आणि कडप्प्याचा ओटा करतात. चकचकीत ताटलीवर लिंबू कापलं की धार थेट काचेसारख्या थरावर आपटते. लाकडी पाट वापरा.

धार दोन दिवसांत अख्ख्या पात्याची गेली तर

इथे पहिला संशय साणीवर घ्या. सायकलवर किंवा मोटारीवर फिरणाऱ्या चाकावर धार लावून घेतली का? माझा एक चांगला चाकू बाजाराच्या दिवशी असाच बिघडला. कारागिराने मेहनतीने लावली होती, ठिणग्या उडत होत्या, मी कौतुकाने बघत होतो. घरी आल्यावर धारेजवळ गवती पिवळा आणि टोकाला निळा पट्टा दिसला.

तो रंग म्हणजे तापमानाची खूण असते. पोलाद तापलं की त्याच्यावर आधी फिका पिवळा, मग तपकिरी, जांभळा, निळा असा रंग चढतो. पिवळा साधारण २२० ते २३० अंश सेल्सिअसला, निळा ३०० च्या आसपास. चाकूचं पोलाद कडक करून नंतर साधारण २०० अंशांच्या आगेमागे पाणी उतरवलेलं असतं, म्हणजे ठिसूळपणा कमी व्हावा म्हणून पुन्हा थोडं तापवलेलं असतं. त्याहून जास्त तापलं की कडकपणा तिथून उतरतो. मग कितीही सुंदर धार लावा, ती मऊ लोखंडावर लावलेली असते आणि दोन दिवसांत वळते. निळं पडल्यावर पाण्यात बुडवून काही परत येत नाही. तेवढा भाग हळूहळू घासून काढून खालच्या शाबूत पोलादापर्यंत जावं लागतं.

साणीवर द्यायचाच असेल तर शेजारी पाण्याची वाटी ठेवायला सांगा आणि दर एका फेऱ्यानंतर पातं बुडवायला लावा. पात्याला उघडं बोट टेकवता येत नसेल इतकं ते गरम झालं तर थांबायचं. आणि रंग दिसला नाही म्हणून निर्धास्त राहू नका. धारेचं टोक कागदापेक्षा पातळ असतं, ते क्षणात तापतं आणि पुढच्या फेऱ्यात रंग घासूनही जातो.

साणीचा संबंध नसेल तर पोलादच मऊ असू शकतं. धारेजवळच्या कोपऱ्यावर बारीक कानस अलगद फिरवा. खिळ्यावर चावते तशी ती सहज चावत असेल तर त्या चाकूकडून फार अपेक्षा ठेवू नका. चांगल्या पात्यावर कानस घसरल्यासारखी होते, फार कष्टाने थोडंसं खाते.

आणि न वापरताच धार गेली तर

हे कार्बन पोलादाच्या चाकूंत होतं आणि लोक चक्रावतात. शनिवारी धार लावली, रविवारी चाकू खिशातच होता, सोमवारी बोथट. कारण गंज. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो, सदरा-पँट घामाने भिजते, आणि घामातलं मीठ सगळ्यात आधी सगळ्यात पातळ जागा खातं, म्हणजे धार. पाठीवर डाग दिसायच्या आत धार गेलेली असते.

केळीवाल्यांना यात चिकाची भर. केळीच्या चिकातलं टॅनिन लोखंडाशी मिळून काळं पडतं, कपड्यांवरचे डाग आपण सगळे ओळखतो. पात्यावरचा तो काळा थर स्वतः फार नुकसान करत नाही, पण चीक वाळून बिजागरीत बसला की चाकू उघडता येत नाही आणि त्याच्याखाली ओल धरून राहते. घडाच्या कामाला जाण्याआधी पात्याला तेलाचं बोट फिरवा, चीक चिकटतच नाही. चिकटलाच तर रॉकेलच्या फडक्याने पुसा, मग साबण-पाण्याने धुवून कोरडं करा. बिजागरीला शिलाई मशीनचं तेल एक थेंब. खोबरेल नको, ते थंडीत गोठतं आणि धुळे-जळगावच्या डिसेंबरात सकाळी चाकू नखाने उघडत नाही.

आता धार लावणं

हार्डवेअरच्या दुकानात करड्या रंगाचा दुहेरी कार्बोरंडम दगड मिळतो, एक बाजू जाड, एक बारीक. शिकायला तेवढा पुरे. दगड नसेल तर काचेच्या तुकड्यावर ओला वॉटर पेपर, म्हणजे पाण्यात चालणारा पॉलिश पेपर, ताणून बसवा, ४०० आणि मग १००० नंबरचा. फक्त कागदावर पातं धारेच्या मागे, म्हणजे पाठ पुढे ठेवून ओढायचं, नाहीतर धार कागद फाडते. दगडाला तेल किंवा पाणी, दोन्हींपैकी एक ठरवा आणि तेच ठेवा. तेल प्यायलेला दगड नंतर पाणी धरत नाही.

वर्षानुवर्षं वापरलेला दगड मधे खोलगट झालेला असतो. त्यावर पातं सरकताना कोन आपोआप बदलत जातो आणि माणूस आपल्या हाताला दोष देत बसतो. फरशीच्या सपाट तुकड्यावर जाड वॉटर पेपर ठेवा, दगडावर पेन्सिलीने जाळी आखा आणि पाणी टाकून घासा. सगळ्या रेघा पुसल्या गेल्या की दगड सपाट.

कोन हा शब्द ऐकून लोक घाबरतात. पात्याची रुंदी मोजा. त्या रुंदीच्या एक तृतीयांश इतकी पाठ दगडापासून उचलली की २० अंश होतात. एक चतुर्थांश उचलली की १५. म्हणजे २ सेंटिमीटर रुंद पात्याची पाठ सुमारे ७ मिलिमीटर वर ठेवली की रोजच्या कामाची धार होते, ५ वर ठेवली की भाजी-फळांची. सुरुवातीला त्या उंचीची नाण्यांची थप्पी दगडावर ठेवून, पाठ तिच्यावर टेकवून हाताला सवय लावा. दोन-चार दिवसांत नाणी लागत नाहीत.

खरी युक्ती मार्करची. धारेलगतच्या उतारावर दोन्ही बाजूंनी काळं मार्कर पेन फिरवा आणि दगडावर दोनच हात मारून बघा. शाई नेमकी धारेच्या कडेपर्यंत गेली तर कोन बरोबर. फक्त वरच्या बाजूची, म्हणजे पाठीकडची गेली तर तुम्ही पातं फार झोपवताय, आणि अशा वेळी तासभर घासलं तरी धार येणार नाही कारण दगड धारेच्या कडेला लागतच नाही. फक्त धारेच्या कडेची शाई गेली तर फार उभं धरताय. "किती घासलं पण धारच येत नाही" म्हणणाऱ्यांना मी आधी मार्कर देतो. बहुतेकांचं पातं झोपलेलं निघतं.

आता जाड बाजूवर एकाच अंगाने घासा, पूर्ण लांबीवर बर लागेपर्यंत. पाच हात नाही, पन्नास नाही, बर लागेपर्यंत. मुठीपासून टोकापर्यंत सलग बर आली म्हणजे दगड धारेच्या टोकापर्यंत पोहोचल्याचा तो पुरावा. एक इंचही मधे सुटला तर तिथे धार नाही. टोकाच्या गोलाईवर येताना मनगट न वळवता कोपर थोडं उचला. मग पातं उलटून दुसऱ्या अंगाने तेवढंच. मग बारीक बाजूवर हेच, निम्म्या जोराने.

इथपर्यंत सगळेच येतात आणि इथेच थांबतात. यापुढची पाच मिनिटं धार महिनाभर टिकवतात.

बारीक बाजूवर आता दर हाताला अंग बदला: एक डावीकडून, एक उजवीकडून. जोर कमी करत जा, शेवटचे दहा हात पात्याच्या स्वतःच्या वजनाने. तरी कापूस अडकत असेल तर पाठ किंचित जास्त उचलून दोन्ही अंगांनी दोन-दोन अगदी हलके हात मारा, बर मुळाशी तुटते. मग जुन्या चामडी पट्ट्याची खरखरीत बाजू सपाट लाकडावर ठेवून पातं धारेच्या मागे, पाठ पुढे, दहा-पंधरा वेळा ओढा. न्हावी वस्तरा पट्ट्यावर पाजळायचे ते याचसाठी. पट्टा नसेल तर वर्तमानपत्राची घडीही चालते. जोर दिला तर चामडं दबून टोकाला गोल करतं, म्हणून तळहात नुसता फिरल्यासारखा.

एक फरक लक्षात ठेवा. सुतळी, नायलॉन दोर, खताची गोणी ज्यांना रोज कापायची त्यांनी आरशासारखी धार लावू नये. करड्या दगडाच्या बारीक बाजूची, बर उतरवलेली, थोडी दातेरी धार दोरात जास्त चांगली जाते. फार गुळगुळीत धार टमाट्याला आणि कागदाला सुंदर असते, दोरावर घसरते. तुमची धार गेलेली नसून कामाला चुकीची असू शकते, हेही तपासा.

मधल्या काळात दगड न काढता धार जागवायची असेल तर चिनी मातीच्या कपाच्या तळाची खरखरीत कडा घ्या. कप पालथा घालून तिच्यावर दोन्ही अंगांनी चार-पाच हलके हात. बस.

चाकू निवडताना

माझं मत स्पष्ट आहे: पातं ७ ते ८ सेंटिमीटर, पाठ २ ते २.५ मिलिमीटर, त्याहून जाड नको. जाड पातं हातात दणकट वाटतं आणि वांग्यात पाचरीसारखं अडकतं. करवतीसारखे दाते पाडलेल्या पात्यांचे चाकू घेऊ नका, आपल्या दगडावर त्यांना धार लावता येत नाही. सगळं काळं रंगवलेलं, कंगोरे-भोकं पाडलेलं पातं म्हणजे चीक आणि माती बसायला जागा.

पोलाद स्टेनलेस की कार्बन? केळी आणि पावसाळा ज्यांच्या रोजच्या जगण्यात आहे त्यांनी स्टेनलेस. स्वित्झर्लंडच्या व्हिक्टोरिनॉक्सच्या लाल मुठीच्या, मिटल्यावर ९१ मिलिमीटर लांब चाकूचं पातं रॉकवेल मोजणीत ५६ च्या आसपास असतं. हा कडकपणा मध्यम आहे, म्हणजे धार थोडी लवकर उतरते पण साध्या दगडावर दहा मिनिटांत परत येते. शेतात मला हा सौदा पसंत आहे. पण त्याच्या बऱ्याच प्रकारांत पात्याला कुलूप नसतं, तेव्हा टोकाने भोसकण्याची कामं करताना पातं बोटांवर मिटू शकतं. फ्रान्सचा ओपिनेल कार्बनमध्येही मिळतो आणि स्टेनलेसमध्येही. पातं पातळ, धार घ्यायला अतिशय गोड, पातं जागेवर धरणारी फिरती कडीही आहे. ८ नंबरचं पातं ८.५ सेंटिमीटर. फक्त त्याची लाकडी मूठ पावसात फुगते आणि पातं आत अडकून बसतं, म्हणून जुलै-ऑगस्टात मी तो घरी ठेवतो.

दुकानात घेताना पातं उघडून डावी-उजवीकडे हलवून बघा. बिजागरीत खुळखुळत असेल तर परत ठेवा. दगडावर कोन धरताना तोच खुळखुळाट आडवा येतो.

आणि खिशात ठेवण्याबद्दल. शस्त्र नियमांत ९ इंचांपेक्षा लांब किंवा २ इंचांपेक्षा रुंद पात्याचा चाकू शस्त्रांच्या वर्गात येतो, घरकामाची आणि शेतीची अवजारं त्यातून वगळलेली आहेत. आपला चाकू याच्या बराच आत आहे. पण सण-उत्सव, मोर्चे, निवडणुकांच्या काळात महाराष्ट्र पोलीस अधिनियम १९५१ च्या कलम ३७(१) खाली मनाई आदेश निघतात आणि त्यांत चाकू बाळगायलाही मनाई असू शकते. सारंगखेड्याच्या यात्रेला जाताना किंवा मतदानाच्या दिवशी तो घरीच ठेवा. विमानात हातातल्या सामानात तो चालत नाहीच.

साणीवर निळा पडलेला तो चाकू मी टाकला नाही. जाड बाजूवर, पाण्याने ओला ठेवत, रोज संध्याकाळी थोडा थोडा घासत गेलो. निळा पट्टा दोन दिवसांत दिसेनासा झाला तरी धार टिकत नव्हती, दर वेळी चार सुतळ्यांनंतर चमकती रेघ दिसायची. अकराव्या दिवशी ती दिसली नाही. पातं मिलिमीटरभर अरुंद झालं असेल. फेब्रुवारीत पुन्हा त्याच मळ्यात भरताला गेलो तेव्हा तोच नेला, आणि भाजण्याआधी वांग्यांना टोचे मारण्यापासून टमाट्यांपर्यंत सगळं त्याच्यावरच झालं.